जुगार सोडलेल्या नवऱ्यासोबत समुपदेशन : काकांना पाच स्टार, मॅडमना साडेतीन

आधीच सांगते, सेंटरचं नाव टाकत नाहीये. तक्रारीही लिहायच्यात आणि आमचं तिथे जाणं अजून चालू आहे, शिवाय नवऱ्याला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही पण ओळखू येईल असं काही नको. पिंपरी-चिंचवडमधलं आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली झेरॉक्सचं दुकान, एवढं पुरे. झेरॉक्सचं मुद्दाम सांगतेय, तिथे पैसे जातात.

हे व्यसनमुक्ती केंद्र नाही. तसं हवं असेल तर पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून, त्यांचं नाव कोणाला वेगळं सांगायला लागत नाही. हे सेंटर त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे माणूस खेळायचा थांबलाय, डॉक्टर-गोळ्या जे काय ते चालू आहे, आणि आता घरात दोघं समोरासमोर बसलीयत आणि हा "दूधवाल्याचे दिले" म्हणाला तर दिले असतील का हे बायकोला कळत नाहीये. त्या टप्प्यासाठी त्यांचं पॅकेज आहे. जोडप्याचे सेशन, मधून मधून एकेकट्याचे, घरच्यांसाठी एक ग्रुप, आणि पैशांच्या कागदांसाठी वेगळा माणूस. हा वेगळा माणूस म्हणजे काका. बँकेतून रिटायर झालेत, कर्ज खात्यात होते, आणि खरं तर हा रिव्ह्यू अर्ध्याहून जास्त त्यांचाच आहे.

आमची केस थोडक्यात सांगते नाहीतर बाकीचं कळणार नाही. लॉकडाऊनमध्ये टाइमपास म्हणून रमी, मग फँटसी टीम, मग परत रमी आणि मोठ्या टेबलवर. जुलै २०२५ मध्ये सभागृहात मंत्री मोबाइलवर रमी खेळताना दिसले त्या व्हिडिओवर अख्खा महाराष्ट्र हसत होता ना, आमच्याकडे पण हसलो, सगळ्यात जोरात हाच. पुढच्याच महिन्यात केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, अॅपवाल्यांनी पण लगेच पैशांचे खेळ थांबवले, आणि मला काहीच माहीत नव्हतं त्यामुळे मी बातमी बघून बरं झालं म्हणत भाजी निवडत बसले. त्याच सुमारास हा घरात प्रत्येकावर खेकसायला लागला. मग कोणीतरी टेलिग्रामवर आयडी मिळवून दिला, बाहेरच्या देशातली साइट, तिथे हरलात तर तक्रार करायची कुठे तर कुठेच नाही, आणि मग लोन अॅपवाल्यांचे फोन माझ्या मोबाइलवर यायला लागले तेव्हा सगळं बाहेर आलं. आकडा सांगत नाही. वाचणाऱ्यांचं सगळं लक्ष मग आकड्यावरच जातं.

आता सेंटर.

मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, शांत बोलतात, घाई करत नाहीत, आणि पहिली दोन-तीन सेशन खरंच चांगली होती. जुगार हे "सवय" किंवा "संगत" नसून आजार म्हणून कसा धरला जातो हे त्यांनी नीट सांगितलं, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी आपल्या पुस्तकात तो दारू आणि ड्रग्जच्याच रांगेत नेऊन ठेवला वगैरे. "जवळजवळ जिंकलो होतो" ही भावना डोक्यात जिंकल्यासारखीच कशी बसते, आणि हरलेलं परत मिळवायला म्हणून परत टाकणं हेच ह्या आजाराचं सगळ्यात ओळखीचं लक्षण कसं आहे, हे त्या मला सांगत होत्या आणि नवरा मान खाली घालून डोकं हलवत होता. गॅम्बलर्स अॅनॉनिमस म्हणून जी संघटना आहे, १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, त्यांचे वीस प्रश्न पण त्यांनी आम्हाला दिले. हरल्यावर लगेच परत जाऊन भरून काढावंसं वाटलं का, कर्ज फेडायला म्हणून खेळलात का, असे. बहुतेक जुगाऱ्यांची निदान सात उत्तरं हो येतात असं ते लोक म्हणतात. ह्याची किती आली ते त्याचं तो सांगेल.

पण मग वर्कशीट सुरू झाल्या. "मला जोडीदारातल्या आवडणाऱ्या पाच गोष्टी", "आपल्या नात्याचा सुवर्णकाळ", सगळं कुठूनतरी इंग्रजीवरून उचललेलं, आणि एक तर असं की तीन मिनिटं डोळ्यात डोळे घालून न बोलता बसा. अहो, डोळ्यात डोळे घालूनच त्याने मला सांगितलं होतं की पीएफचा अॅडव्हान्स आईच्या ऑपरेशनसाठी काढलाय. डोळ्यांचं मला कोणी काही सांगू नये. मी तसं बोलले पण तिथे, मॅडम हसल्या, म्हणाल्या मग हे आत्ता बाजूला ठेवू आणि तुम्ही काकांकडे जाऊन या. हा त्यांचा मोठेपणा, तो मान्य. साडेतीनमधला अर्धा त्याचाच.

काकांची खोली म्हणजे एक टेबल, एक पंचिंग मशीन, आणि भिंतीवर कुठल्यातरी पतसंस्थेचं कॅलेंडर. पहिल्याच भेटीत म्हणाले, "विश्वासाचं मॅडम बघतील, मी व्हाउचर बघतो." मला तिथेच हलकं वाटलं.

त्यांची पद्धत सांगते, कारण कोणाला सेंटरला जायला जमलं नाही तरी ही घरी करता येईल (पण तिसरा माणूस हवा, दोघंच बसलात तर भांडण नक्की). आधी नवऱ्याने एका कागदावर एकूण किती देणं आहे तो आकडा लिहायचा आणि कागद दुमडून काकांकडे द्यायचा. बायकोने बघायचा नाही. मग पुढच्या वेळी येताना कागद आणायचे, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. क्रेडिट रिपोर्ट, तो पण नुसता सिबिलचा नाही तर एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्कचा पण, चौघांकडून वर्षाला एक फुकट मिळतो, पैसे भरायचे नाहीत. त्यात चालू कर्जं दिसतातच पण काका पहिल्यांदा शेवटचं पान उघडतात, कोणकोणत्या कंपनीने ह्याची चौकशी केली ते, कारण मिळालं नसेल तरी मागितलेलं तिथे दिसतं. मग पीएफचं पासबुक. मग एलआयसीच्या पॉलिसीवर लोन उचललंय का. सोनं तारण आहे का आणि कुठे. क्रेडिट कार्डची स्टेटमेंट, सगळ्या यूपीआय अॅपची हिस्टरी, बँक खात्याची वर्षभराची. आणि इन्कम टॅक्सच्या साइटवरचं एआयएस, म्हणजे आपल्या नावावरच्या वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं स्टेटमेंट, हे मला माहीतच नव्हतं. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममध्ये वर्षात निव्वळ जे जिंकाल त्यावर तीस टक्के टीडीएस कापतात आणि ते त्यात येतं, म्हणजे कुठल्या कंपनीच्या अॅपवर होता ते कळतं. पण काका म्हणाले ह्यावर भरवसा ठेवू नका, ह्यात जिंकलेलं दिसतं, हरलेलं दिसत नाही, वर्षभर नुसताच हरला असेल तर कागद एकदम स्वच्छ.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. कागद जिथे संपतात तिथून पुढचं. मित्राकडून हातउसने, ऑफिसातल्या कोणाकडून, सावकार, नोंद नसलेलं लोन अॅप, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. ते नवऱ्याने स्वतः लिहायचं, तिथे बसून, आमच्यासमोर. काका मला आधीच बाजूला घेऊन म्हणाले होते, "वहिनी, पहिला आकडा कमीच असतो. दुसऱ्यावर पण चिडू नका. चिडायचंच असेल तर तिसऱ्यावर चिडा." दुमडलेल्या कागदावरचा आकडा आणि झेरॉक्सची बेरीज ह्यात जवळजवळ तिपटीचा फरक निघाला. त्यावर मी काही बोलले नाही, सांगितलंच होतं. मग तो हातउसन्यांची यादी लिहायला लागला आणि त्यात चौथं नाव माझ्या भावाचं. माझा सख्खा भाऊ. त्याने ह्याला दिले होते आणि ह्याने त्याला शपथ घातली होती ताईला सांगू नको म्हणून, आणि रक्षाबंधनाला आमच्याकडे जेवून गेला तो, एक शब्द नाही.

काकांनी पेन बंद केलं, खाली फोन करून चहा सांगितला, चहा येईपर्यंत कोणी काही बोललं नाही, आणि मग म्हणाले चला पुढचं नाव. मला त्या क्षणी कोणी "तुम्हाला आत्ता कसं वाटतंय" विचारलं असतं तर मी उठून गेले असते. पुढचं नाव म्हटल्यामुळे बसले. भावाशी काय बोलायचं ते मी घरी जाऊन बोलले, तो इथे विषय नाही.

त्यानंतर त्यांनी जी मांडणी लावून दिली ती अशी. पगाराचं खातं तेच, पण पगार आला की त्याच दिवशी घरखर्च आणि हप्ते माझ्या खात्यात आपोआप जातात, त्याच्याकडे एक छोटं खातं, त्यावरच यूपीआय, त्याची रोजची लिमिट कमी करून ठेवलेली. क्रेडिट कार्ड बंद, बंद केल्याचं पत्र फाइलला. माझं स्वतःचं खातं पूर्ण वेगळं, त्यात त्याचं नाव नको, आणि कुठल्याही नव्या कर्जाला मी सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही करायची नाही, "सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं घेऊ, तू फक्त सही कर" असं म्हणाला तरी नाही. बायकोने सही केलेली नसेल तर नवऱ्याच्या पर्सनल लोनला ती जबाबदार नसते हे मला तिथे पहिल्यांदा कळलं, वसुलीवाले फोनवर वेगळंच सांगत होते. हप्त्यांचा क्रम पण त्यांनीच लावला, आधी कोणाशी बोलायचं, कुठे मुदत वाढवून मागायची. माणूस बँकेच्या भाषेत बोलतो पण पटतं.

आता मॅडमचं श्रेय मॅडमना. तपासणीचा दिवस ठरवणं ही त्यांची आयडिया. रविवारी सकाळी चहानंतर वही, स्टेटमेंट, दोघांचे फोन टेबलवर, वीस मिनिटं, संपलं. इतर दिवशी मी त्याचा फोन उघडायचा नाही आणि त्याने मला न विचारता "बघ, बघ, हवं तर बघ" करत फोन पुढे करायचा नाही, हे दुसरं जास्त महत्त्वाचं निघालं, कारण दिवसातून चार वेळा फोन नाचवणारा माणूस पण डोक्याला तापच असतो. दुसरा नियम चोवीस तासांचा. पाय घसरला तर चोवीस तासांत सांगायचं, आणि सांगितलं तर त्या दिवशी मी आवाज चढवायचा नाही, सासरी-माहेरी फोन करायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलायचं. लपवलं आणि नंतर कळलं तर हा करार लागू नाही.

आणि तो घसरला. ऑफिसातल्या पोरांबरोबर मॅचच्या टॉसवर पाचशे रुपये. त्याच रात्री सांगितलं, दारात चपला काढता काढताच. मी करार पाळला, म्हणजे गप्प बसले, पण गप्प बसणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आणि इथे सेंटरची सगळ्यात मोठी तक्रार. शुक्रवारची रात्र, फाइलवर "तातडीसाठी" म्हणून नंबर छापलाय, तो कोणी उचलत नाही. शनिवारी सकाळी पण नाही. सोमवारी रिसेप्शनवाली म्हणते मॅडम सुट्टीवर होत्या. मग तातडीचा नंबर छापता कशाला? मी शेवटी त्या शुक्रवारी रात्रीच टेली-मानसला लावला, १४४१६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलायचं म्हटलं तर मराठी बोलणारी मुलगी आली लाइनवर. तिने काही जादू केली नाही, पण मी जे दोन तास तोंडात धरून बसले होते ते बोलायला एक माणूस मिळाला, आणि नवऱ्याला पण तिने पाच मिनिटं फोनवर घेतलं. एक स्टार सेंटरचा कापला तो ह्याचाच.

दुसरी तक्रार ग्रुपची. घरच्यांचा ग्रुप फुकट आहे म्हणून छान वाटतं पण त्यात आम्ही जुगारवाल्या दोघी-तिघी आणि बाकी सगळ्या दारूवाल्यांच्या बायका. त्या बायका चांगल्या आहेत, डबा आणतात, रडल्या तर जवळ घेतात, पण बोलणं जुळत नाही. त्यांना वास येतो, चाल कळते, नवरा दारात आला की कळतं. माझा माझ्या शेजारी बसून, पाय माझ्या मांडीवर टाकून, मोबाइलमध्ये घराचे हप्ते हरत होता आणि मला वाटायचं मॅच बघतोय. "पण घरी तर असतो ना तुझा" असं एकीने म्हटल्यावर मी काय उत्तर देणार. जुगारवाल्यांसाठी वेगळा ग्रुप काढा म्हणून लेखी दिलंय, "बघू" म्हणालेत. गॅम-अॅनॉन म्हणून जुगाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळी संघटना आहे जगात, तर इथे निदान महिन्यातून एक शनिवार काढायला काय हरकत आहे.

सासूबाईंना आणायचं सेशन मात्र पैसे वसूल. त्या येतच नव्हत्या, "माझा मुलगा दारू पीत नाही, तंबाखू नाही, बाईचा नाद नाही, मोबाइलच तर बघतो" हे चालू होतं, आणि आधी एकदा त्यांनी एफडी मोडून ह्याचं देणं गुपचूप भागवलं होतं हे पण तिथेच कळलं. मॅडमनी त्यांना दोष न देता सांगितलं की आई, तुम्ही भरलेत म्हणून त्याला वाटलं अजून एक डाव बाकी आहे. त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांच्या सासऱ्यांचं सांगायला लागल्या, मुंबईत गिरणीत होते, मटका लावायचे, कल्याणचा आकडा, ओपन-क्लोज सगळं त्यांना पाठ. म्हणाल्या, "तेव्हा शर्ट धुवायला घेतला की खिशात चिठ्ठ्या सापडायच्या गं. ह्याचं काही सापडतच नाही." आम्ही सगळेच हसलो, त्या पण. तेव्हापासून त्यांनी पैसे देणं बंद केलंय, आणि कोणाचा फोन आला तर "तिला विचार" म्हणतात.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, विश्वास बसला का. पैशांपुरता म्हणाल तर बराच बसलाय, कारण तिथे मला विश्वास ठेवायला लागतच नाही, कागद असतो. बाकी बाबतीत कमी-जास्त. परवा माझी भिशी लागली, पाकीट कपाटात ठेवून मी किल्ली पर्समध्ये टाकली, त्याच्यासमोरच. त्याला ते लागलं असणार, पण रविवारी वहीत त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, भिशी, तिची, माझा संबंध नाही. मला ते "आय एम सॉरी"पेक्षा बरं वाटलं. सॉरी त्याने खूप वेळा म्हटलंय. आणि हो, उशीर झाला की पोटात गोळा येतो तो येतोच, त्याला मॅडम म्हणतात वेळ लागेल, ते माझ्या आईने पण फुकट सांगितलं असतं.

कोणी जाऊ नये ते पण लिहिते. माणूस अजून खेळतोय आणि बायकोने ओढून आणलाय तर पैसे फुकट जातील, काकांसमोर खोटी यादी लिहील आणि तुम्ही अजून तुटाल. मारहाण असेल तर जोडप्याच्या सेशनच्या भानगडीत पडू नका, आधी स्वतःचं बघा. आणि कर्जामुळे जीव द्यायच्या गोष्टी करत असेल तर आधी मानसोपचार डॉक्टर किंवा तो १४४१६ नंबर, कागदं नंतर.

फी : जोडप्याचं सेशन दीड हजार, काकांची बैठक पाचशे, ग्रुप फुकट. पॅकेज एकदम घ्यायला आग्रह करतात, घेऊ नका, सुटं सुटं द्या, चालतं. वेळ व्हॉट्सअॅपवर मागायची, उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने जा. काका फक्त मंगळवार आणि शनिवार असतात आणि तासभर म्हणून बसतात ते दीड तास उठत नाहीत, त्यामुळे नंतरच्या जोडप्याला ताटकळावं लागतं, आम्ही पण ताटकळलोय.

पुढच्या महिन्यापासून मॅडमचं सेशन आम्ही महिन्याला एकच करतोय. काकांची बैठक आहे तशीच ठेवलीये, हे नवराच म्हणाला.